मुलाखतीचं बोर्ड लागेना

प्रश्न : मी नागपूरला एका सिनिअर वकिलांच्या चेंबरमध्ये सव्वादोन वर्षं काम करते. जास्त काम जिल्हा न्यायालयात, थोडं हायकोर्टात. रामदासपेठेतल्या एका मोठ्या लॉ ऑफिसनं मुलाखतीला बोलावलं आणि आतापर्यंत तीनदा घोळ घातला. पहिल्यांदा आदल्या रात्री पावणेदहाला मेसेज आला, ‘उद्या नको’. दुसऱ्यांदा सकाळी साडेअकराला फोन, ‘आत्ता येऊन जा’. तेव्हा माझा साक्षीदार पिंजऱ्यात होता. तिसऱ्यांदा दीड तास बसवून ठेवलं आणि ‘सर कोर्टात अडकलेत’ म्हणून परत पाठवलं. इकडे आमच्या ऑफिसातल्या थोरल्या ज्युनिअरला कुणकुण लागली आहे. माझी दोन मॅटर काढून घेतली, मुन्शी (ऑफिसचा कारकून) तारखा सांगत नाही, माझे ड्राफ्ट दुसऱ्याच्या नावानं सरांपुढे जातात. मला पुढे जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची, परीक्षा द्यायची आहे, त्यासाठी सरांचं प्रमाणपत्र लागेल, म्हणून तोंड उघडत नाही. राहू की जाऊ? आणि मुलाखतीला कोट-बँड (गळ्याची पांढरी पट्टी) घालून जायचं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्याशी तीनदा जे झालं, ते तिन्ही वेळा सारखंच वाईट नव्हतं. आधी ते वेगळं करू, कारण पुढचा निर्णय त्यावरच आहे.

सिनिअर वकिलाच्या उद्याच्या दिवसाचा नक्की अंदाज त्याला आज संध्याकाळी बोर्ड, म्हणजे कोर्टाची उद्याच्या मॅटरची यादी, लागल्यावरच येतो. त्यातही पूरक बोर्ड मागाहून लागतं, अर्धवट राहिलेला युक्तिवाद पुढच्या दिवशी चालू होतो, चाळिसाव्या नंबरचं मॅटर दुपारी तीनला निघेल की निघणारच नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे रात्री पावणेदहाचा ‘उद्या नको’ हा मेसेज चिडण्याजोगा असला तरी अपमान नव्हे. सकाळी साडेअकराचा फोन हा अडाणीपणा, तोही वकिलांच्याच ऑफिसातून आलेला. कामकाजाच्या दिवशी त्या वेळी ज्युनिअर कुठे असतो हे त्यांना माहीत नसेल तर कोणाला असणार? खरी खटकणारी गोष्ट तिसरी. सर कोर्टात अडकलेत हे त्या ऑफिसातल्या कोणाला तरी तुम्ही निघण्याआधीच ठाऊक असणार. तुमचा नंबर त्यांच्याकडे होता. फोन केला नाही.

वेळ पुढे ढकलणं हा गुन्हा नाही, पण ढकलताना पुढची वेळ कोण देतं ते बघा. ‘आज जमत नाही, शुक्रवारी साडेसहाला या’ असं स्वतःहून सांगणारं ऑफिस वेगळं आणि ‘कळवतो’ म्हणून गप्प बसणारं वेगळं. उद्या तुमचा स्टायपेंडही दुसऱ्या प्रकारचं ऑफिस ‘कळवतो’वरच ठेवेल.

आमचं मत : चौथी संधी द्या, पण या वेळी वेळ तुम्ही सुचवायची. आतापर्यंत तुम्ही बहुधा ‘केव्हाही चालेल, सर’ असंच म्हणत आला असाल. नम्रपणा म्हणून ते बरं वाटतं, पण समोरचा त्याचा अर्थ ‘हिला काही काम नसतं’ असाच घेतो. त्याऐवजी साधारण असा मेसेज पाठवा :

‘नमस्कार. मुलाखतीसाठी मला मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी साडेसहानंतर, अथवा येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळा जमतील. यांपैकी सोयीची वेळ कळवावी. आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत नक्की झाल्यास मला बोर्डाची व्यवस्था लावता येईल. प्रत्यक्ष शक्य नसल्यास व्हिडिओ कॉललाही माझी तयारी आहे.’

यात तक्रार नाही, माफी नाही आणि मागच्या तीन वेळांचा उल्लेखही नाही. मेसेज ज्यांनी वेळ ठरवली होती त्यांना पाठवा आणि तोच मजकूर ऑफिसच्या ई-मेलवरही टाका. फोनवर ठरलं तरी दोन ओळी लिहून पाठवा : ‘ठरल्याप्रमाणे गुरुवारी साडेसहाला येते.’ मोठ्या ऑफिसात वेळ देणारा एक, डायरी सांभाळणारा दुसरा आणि मुलाखत घेणारा तिसरा असतो. घोळ होतो तो या तिघांत, आणि लिहिलेली ओळ तिघांनाही दिसते.

शनिवार मुद्दाम सुचवला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जिल्हा न्यायालयाला सुटी असते, हायकोर्टाची न्यायपीठंही शनिवारी सहसा बसत नाहीत. तुम्ही दोघंही मोकळे असण्याची शक्यता त्या दिवशी सर्वांत जास्त. उन्हाळी सुटीच्या आधीचा आठवडा आणि कोर्ट उघडल्यानंतरचा पहिला आठवडा मात्र मागू नका. तेव्हा प्रत्येक ऑफिसात अर्जंट मॅटरची झुंबड असते. डिसेंबरात अधिवेशन चालू असेल तर सीताबर्डी-सिव्हिल लाइन्स भागात मोर्चे आणि बॅरिकेड असतात. कोर्टातून रामदासपेठ हे एरवीचं दहा-पंधरा मिनिटांचं अंतर मानू नका, तासभर हाताशी ठेवा.

‘आत्ता येऊन जा’ हा फोन पुन्हा आला तर उत्तर एकच : ‘मॅटर चालू आहे, साडेपाचनंतर येऊ शकते.’ मुलाखतीसाठी तहकुबी (सुनावणी पुढे ढकलणं) मागायची नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देता येत नाहीत. अपवाद होतात, पण खर्च बसतो तो पक्षकारावर. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे हेसुद्धा त्या आदेशात तहकुबीचं कारण धरलेलं नाही, मग मुलाखत कुठून धरणार? आणि ‘प्रकृती अस्वास्थ्य’ असा मुदत अर्ज देऊन रामदासपेठेत जाण्याचा विचारही नको. नागपूरचा बार एवढा मोठा नाही. लंचपर्यंत बाररूममध्ये बातमी पोचलेली असते.

वेळेवर पोचूनही बसवून ठेवलं तर पाऊण तास थांबा. मग रिसेप्शनवर शांतपणे सांगा, ‘मला सातला कॉन्फरन्स आहे, सरांना निरोप द्या, पुढची वेळ आपण सुचवावी,’ आणि निघा. दीड तास बसून राहिलं म्हणून तुमची चिकाटी कोणी मोजत नाही. चौथी वेळही निरोपाशिवाय हुकली तर ते प्रकरण बंद. ‘सध्या कामाच्या व्यापामुळे पुढे जाऊ शकत नाही, विचार केल्याबद्दल आभार’ एवढं लिहून मोकळं व्हा. टोमणा मारू नका. उद्या याच ऑफिसातला कोणी तुमच्यासमोर वकीलपत्र दाखल करेल.

मुलाखत झालीच, तर तीन ठिकाणी सावध राहा. तुमच्या ऑफिसातल्या चालू मॅटरबद्दल विचारलं तर केस नंबर आणि टप्पा यापलीकडे जाऊ नका. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 खाली झाकलेलं आहे आणि ऑफिस बदललं म्हणून ते झाकण उघडत नाही. काही ऑफिसं हे मुद्दाम विचारून बघतात, आणि जो भडाभडा बोलतो त्याला घेत नाहीत. दुसरं, नमुन्याचे ड्राफ्ट मागितले तर पक्षकार, गाव, सर्व्हे नंबर, रकमा काढून टाकलेले द्या, तेही दोनच. चाचणी म्हणून तिथे बसून दोन तासांत एक नोटीस किंवा लेखी जबाब लिहायला सांगितला तर लिहा. पण घरी नेऊन खऱ्या नावांचा, खऱ्या तारखेचा दावा ‘जरा करून बघा’ म्हणून दिला, तर ती चाचणी नव्हे, फुकटचं काम आहे.

तिसरं म्हणजे पैसे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरसाठी शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये स्टायपेंडची शिफारस केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, तरी बोलणी सुरू करायला आकडा म्हणून चांगली. रकमेइतकंच महत्त्वाचं आहे ते कोणत्या तारखेला मिळतं, टायपिंग-झेरॉक्स-प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि स्वतःची मॅटर घेता येतात का. त्या ऑफिसातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेला एखादा ज्युनिअर शोधा आणि त्याला विचारा : पैसे कितव्या तारखेला, रात्री किती वाजता सुटका, आणि महिन्यातून किती वेळा एकट्यानं उभं राहू देतात. मुलाखतीत सांगतील त्यापेक्षा जास्त इथे कळेल.

आता तुमच्या ऑफिसकडे येऊ. हा भाग जास्त किचकट आहे.

चेंबरमध्ये पदं नसतात, बढती नसते. तिथली पत तीन गोष्टींवर ठरते : तारखा कोणाला माहीत असतात, पक्षकाराबरोबर कोण बसतं आणि कोर्टासमोर कोण उभं राहतं. थोरल्या ज्युनिअरनं नेमक्या याच गोष्टींवर हात ठेवला आहे. त्याला तुमच्याशी वैर असेलच असं नाही. जाणारा ज्युनिअर पक्षकार घेऊन जातो ही भीती प्रत्येक चेंबरमध्ये असते, आणि सरांना आधी सावध करणारा तो स्वतः असावा एवढाच बहुधा त्याचा हिशेब.

तारखांसाठी मुन्शीवर अवलंबून राहणं आजपासून बंद करा. तुमच्याकडच्या प्रत्येक मॅटरचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (मॅटरचा ओळख क्रमांक) ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपमध्ये ‘माय केसेस’खाली साठवा. हायकोर्टाची मॅटर त्यांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या किंवा वकिलाच्या नावानं काढून वेगळ्या यादीत घ्या. रोज संध्याकाळी सातला बोर्ड स्वतः बघा, आणि कागदी डायरीही ठेवाच, कारण अ‍ॅपवर पुढची तारीख चढायला कधीकधी दोन दिवस लागतात. मग मुन्शीला ‘काका, उद्या काय आहे?’ असं विचारायचं नाही. ‘काका, उद्या माझी तीन मॅटर दिसताहेत, या फाइली काढून ठेवाल का?’ असा मेसेज करायचा. तारीख लपवण्यात मग काही उरत नाही, आणि फाइल न काढणं हे लिहून मागितलेलं काम न करणं ठरतं. मुन्शीशी भांडू मात्र नका. तो ऑफिसात ज्याचं चालतं त्याचं ऐकतो. दोन महिन्यांनी कदाचित तुमचं ऐकेल.

न सांगितलेल्या तारखेपायी दावा गैरहजेरीत फेटाळला गेलाच, तर आधी दुरुस्ती, भांडण मग. दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच आदेश 9, नियम 9 खाली पुनर्स्थापनेचा अर्ज, मुदत दावा फेटाळल्यापासून 30 दिवस. त्या तीस दिवसांतले वीस ‘चूक कोणाची’ यात जातात आणि मग विलंबमाफीचा अर्ज लिहावा लागतो, असं फार वेळा होतं. सरांकडे जाताना अर्जाचा मसुदा हातात घेऊन जा.

काढून घेतलेल्या दोन मॅटरबद्दल तक्रार करू नका. फाइल कोणाला द्यायची हा सरांचाच अधिकार. पण त्यांना एक वाक्य लिहून पाठवा : ‘सर, अमुक मॅटरमध्ये उलटतपासाचे मुद्दे मी काढून ठेवले आहेत, पुढची तारीख 14 आहे, ते कोणाकडे देऊ?’ सरांनी स्वतः मॅटर काढली असतील तर ते नाव सांगतील. त्यांना माहीतच नसेल, तर ते ‘म्हणजे? तू नाही का करत?’ असं विचारतील. दोन्ही उत्तरांतून तुम्हाला कळायचं ते कळतं आणि चुगलीही होत नाही.

ड्राफ्टचं दुःख आम्हाला समजतं, पण इथे थोडं कडू बोलतो. चेंबरमधला ड्राफ्ट चेंबरचा असतो. त्याखाली सही सरांची, जबाबदारीही त्यांची. नाव हवं म्हणून भांडण्यात अर्थ नाही. सरांना मात्र कळायला हवं की काम कोणी केलं. त्यासाठी ड्राफ्ट पेनड्राइव्हवरून थोरल्याच्या हाती न देता ऑफिसच्या मेलवर पाठवा, आणि मेलमध्ये चार ओळी लिहा : कोणता मुद्दा मुदतीच्या कायद्याचा आहे, कोणता कागद अजून पक्षकाराकडून यायचा आहे, कोणत्या परिच्छेदावर सरांनी नजर टाकावी. चोरणारा मजकूर चोरतो, या चार ओळी त्याला चोरता येत नाहीत, कारण सरांनी उलट प्रश्न विचारला की तो अडकतो.

नाव हवंच ते कोर्टाच्या आदेशात हवं. उभं राहाल तेव्हा आपलं पूर्ण नाव स्पष्ट अक्षरांत चिठ्ठीवर लिहून कोर्टातल्या कर्मचाऱ्याकडे द्या. संध्याकाळी आदेश उतरवून बघा, नाव चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. वर्षवार फोल्डर करा : केस नंबर, तारीख, आदेशाची प्रत. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी हे शोधत बसलात तर निम्मं सापडणार नाही.

त्या परीक्षेमुळेच तुम्ही गप्प आहात ना? मग नियम नीट वाचा. सर्वोच्च न्यायालयानं 20 मे 2025 रोजी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची. प्रमाणपत्र किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं चालतं, आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं प्रतिस्वाक्षांकन लागतं. हायकोर्टात वकिली करणाऱ्यांसाठी ते हायकोर्टानं नेमलेला अधिकारी करतो. यात ‘तुमच्याच सिनिअरचं’ असं कुठेही नाही. तुमचं काम रोज बघणारा, समोरच्या बाजूनं उभा राहणाराही दहा वर्षांचा वकील ते देऊ शकतो. सरांनी दिलं तर उत्तमच, पण ही दोरी एकट्या त्यांच्या हातात नाही. एक इशारा : पुढे कंपनीच्या कायदा विभागात पगारी नोकरीचा मोह झाला तर बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली थांबवावी लागते, आणि तो काळ या तीन वर्षांत धरला जाईल असं गृहीत धरू नका.

सरांना सांगायचं कधी? समोरच्यांच्या अटी लेखी हातात आल्या की त्याच दिवशी, आणि तुमच्या तोंडून. त्याआधी त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. ‘हो सर, एका ठिकाणी बोलणं चालू आहे, काही ठरलेलं नाही, ठरलं तर सर्वांत आधी तुम्हाला सांगेन’ एवढं पुरे. थोरल्यानं पेरलेलं यानं निम्मं वाया जातं, कारण त्याच्याजवळ होती ती एवढीच बातमी.

निघायचं ठरलं तर महिनाभर द्या आणि फाइल-वार कागद करून द्या. नंबर, कोर्ट, टप्पा, पुढची तारीख, मूळ कागदपत्रं कोणाकडे, आणि ठळक अक्षरांत मुदती. धनादेशाच्या प्रकरणात नोटीस कधी बजावली आणि पंधरा दिवस कधी संपतात, दाव्यात लेखी जबाबाचे तीस आणि नव्वद दिवस कधी भरतात, हे न लिहिता गेलात तर पुढची सहा वर्षं तुमचंच नाव निघेल. संयुक्त वकीलपत्रावर तुमची सही असेल तर ती ऑफिस सोडल्यानं आपोआप गळत नाही. त्याच संहितेच्या आदेश 3, नियम 4 प्रमाणे कोर्टाची परवानगी घेऊन, लेखी देऊनच ते संपतं, आणि त्याआधी पक्षकाराला पुरेशी सूचना द्यावी लागते. पक्षकारांना ‘मी आता तिकडे आहे’ असे मेसेज नकोत. कोणी आपणहून आलाच, तर आधीच्या वकिलाची संमती किंवा कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचं वकीलपत्र दाखल करू नका.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ऑफिसची ई-फायलिंग तुमच्या लॉगिनवरून झाली असेल तर त्या मॅटरचे हरकतींचे निरोप आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येत राहतील. अशा मॅटरची यादी करून द्या आणि पुढचं दाखल करणं सरांच्या लॉगिनवरून सुरू झालं की नाही ते निघण्याआधी तपासा. नाहीतर कार्यालयीन हरकत दूर न केल्यामुळे एखादं अपील पडेल आणि त्याचा निरोप नेमका तुमच्या फोनमध्ये न वाचलेला असेल.

राहू की जाऊ, याचं उत्तर आज देण्याची गरज नाही. चौथी वेळ पाळली गेली, अटी लेखी आल्या आणि तिथे तुम्हाला उभं राहू देतात असं बाहेर पडलेल्या ज्युनिअरनं सांगितलं, तर जा. तोवर वरचे सगळे उपाय चालू ठेवा, ते राहणाऱ्यालाही तेवढेच लागतात.

कोटाचं म्हणाल, तर संध्याकाळी कोर्टातून परस्पर जात असाल तर काळा कोट-पांढरा वेश चालतो. बँड आणि गाऊन मात्र बॅगेत ठेवा. समारंभाचे प्रसंग सोडले तर ते कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नाहीत, असा बार कौन्सिलचा नियमच आहे, आणि मुलाखत घेणाऱ्याची नजर आधी गळ्याकडे जाते. शनिवारी गेलात तर कोट नसला तरी चालेल. सनद, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि तुमचं नाव असलेल्या पाच आदेशांच्या प्रती मात्र फाइलमध्ये लावूनच जा.